मोंबासाच्या पाण्यातलं वसईचं जहाज

गेल्या वर्षी एका जुम्याच्या दुपारी माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. पोरगा मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. बालपण वसई गावात गेलं, पाचूबंदरच्या किनाऱ्यावर क्रिकेट खेळून मोठा झाला. शाळेत इतिहासाचं पुस्तक बाकाखाली ठेवणाऱ्यांपैकी. त्या दिवशी त्याचं जहाज पूर्व आफ्रिकेत, केनियाच्या मोंबासा बंदरात उभं होतं आणि सुट्टी मिळाली म्हणून तो शहर बघून आला होता.

"टीचर, इथे एक पोर्तुगीजांचा किल्ला आहे. सेम टू सेम आपल्या वसईसारखा. फक्त इथे तिकीट लागतं."

मी विचारलं, "आत म्युझियम आहे ना? बुडालेल्या जहाजातल्या वस्तू बघितल्यास?"

"हां, काचेत होत्या. रांजण, चिनी बशा, असलं काहीतरी. का?"

"ते जहाज वसईत बांधलेलं होतं."

पलीकडे बराच वेळ फक्त वाऱ्याचा आवाज. मग म्हणाला, "हे तुम्ही आम्हाला कधी शिकवलं नाही."

खरं होतं. त्याच्या वर्गाला किल्ल्यावर मीच घेऊन गेले होते, पण तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं. बीएडला असताना 'परिसर भेट' कशी घ्यावी यावर आम्ही पानंच्या पानं लिहिली होती. प्रत्यक्षात मी मुलांना चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी उभं करून १७३९ आणि १८०२ ही दोन सालं पाठ करून घेतली, केळी आणि बिस्किटं वाटली आणि परत आणलं. हा लेख त्या फोनची उधारी समजा.

आधी थोडं त्या समुद्राविषयी. नकाशात वसई आणि मोंबासा लांब दिसतात, पण शिडाच्या जहाजाला ही वाट मळलेली होती. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की इकडची जहाजं आफ्रिकेला जात, आणि पुढे नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की परतत. अरबीत ऋतूला 'मौसिम' म्हणतात, त्यातूनच आपले मोसमी वारे आले. मोंबासाच्या स्वाहिली भाषेत या दोन वाऱ्यांना वेगवेगळी नावं आहेत, कास्काझी आणि कुसी. आपण पाचूबंदर, किल्लाबंदर म्हणतो त्यातला 'बंदर' फारसी आहे आणि स्वाहिलीतही बंदराला 'बंदारी' म्हणतात. दुकानाला ते 'दुका' म्हणतात, पुस्तकाला 'किताबू'. माझ्या वर्गातल्या मुलांना हे शब्द सांगितले तेव्हा त्यांना आधी वाटलं मी गंमत करते आहे.

दहाव्या शतकातला अरब प्रवासी मसूदी हे दोन्ही किनारे पाहिलेला माणूस. आपल्याकडे तो चौलला आला होता, ज्याला तो सैमूर म्हणतो. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात आणि त्यांचा मुखिया तिथला बिगरमुस्लिम राजाच नेमतो, असं त्याने लिहून ठेवलं आहे. त्याच सुमारास तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही जाऊन आला. अरब भूगोलकारांच्या ग्रंथांत आपलं सोपारा 'सुबारा' म्हणून येतं. पुढे १३३१ मध्ये इब्न बतूता मोंबासाला एक रात्र थांबला. तिथले लोक केळी आणि मासळी खातात, मशिदी लाकडाच्या पण फार नेटक्या आहेत, माणसं दीनदार आहेत आणि शाफई मसलकाची आहेत, अशी त्याची नोंद आहे. कोकणी मुसलमान वाचकांना इथे थांबावंसं वाटेल. उत्तर हिंदुस्थानातले बहुतेक मुसलमान हनफी, आपण कोकण किनाऱ्याचे शाफई. असं का, याचं उत्तर दिल्लीच्या बाजूला नाही, समुद्राच्या बाजूला आहे. येमेन, स्वाहिली किनारा, कोकण, मलबार ही एकाच वाऱ्यावर चालणारी बंदरं होती. वाऱ्याबरोबर मीठ, खजूर आणि लाकूड आलं, तसा मसलकही आला.

या समुद्रात पोर्तुगीज आले ते १४९८ मध्ये. वास्को द गामा त्या एप्रिलात मोंबासाला थांबला, तिथे त्याचं जमलं नाही, मग थोडं उत्तरेला मालिंदीला गेला. मालिंदीच्या सुलतानाचं मोंबासाशी वैर होतं, त्यामुळे तिथे त्याचं स्वागत झालं आणि हिंदुस्थानची वाट दाखवणारा जाणकारही मिळाला. १५०५ मध्ये अल्मेदाने मोंबासा लुटलं आणि जाळलं.

त्यानंतर येतो तो माणूस, ज्याच्यामुळे ही दोन शहरं एका कहाणीत बांधली गेली. नुनो द कुन्हा. लिस्बनहून गोव्याचा गव्हर्नर म्हणून निघाला, पण वाऱ्याचा हंगाम हुकला. आता हंगाम हुकला म्हणजे चार-पाच महिने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर काढायचे. त्याने ते मोंबासात काढले, १५२८ च्या अखेरीपासून १५२९ च्या मार्चपर्यंत, शहर ताब्यात घेऊन. त्याची बरीच माणसं तिथे तापाने मेली. निघताना त्याने शहर पेटवून दिलं.

हाच माणूस चार वर्षांनी वसईसमोर उभा राहिला. तेव्हा वसई गुजरातच्या सुलतानाची होती. आज आपण ज्याला पोर्तुगीज किल्ला म्हणतो त्या जागी त्यांच्याआधी मलिक तुघानने तटबंदी उभारली होती. हा तुघान म्हणजे दीवचा प्रसिद्ध सुभेदार मलिक अयाझ याचा मुलगा. १५३३ च्या जानेवारीत नुनोने ही तटबंदी घेतली आणि पाडून टाकली. पुढच्या वर्षी सुलतान बहादूरशाह हुमायूनच्या फौजेने कात्रीत सापडला. पोर्तुगीजांना शांत ठेवायचं तर काहीतरी द्यावं लागणार होतं. २३ डिसेंबर १५३४ रोजी झालेल्या तहात त्याने वसई आणि तिच्याबरोबरची बेटं देऊन टाकली. त्या बेटांत मुंबई होती. पुढे सव्वाशे वर्षांनी इंग्रजांना आंदण म्हणून गेली ती हीच मुंबई. म्हणजे आज रोज सकाळी विरार लोकलने चर्चगेटला जाणारी माणसं ज्या शहरात जातात, ते कागदावर आधी वसईच्या पदरात पडलेलं होतं. बहादूरशाहला या सौद्याचा फायदा झाला नाही. १५३७ च्या फेब्रुवारीत दीवजवळ पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत तो समुद्रात बुडाला.

त्या तहातलं एक कलम आपल्या पुस्तकांत येत नाही, आणि मला ते तटबंदीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. गुजरातच्या बंदरांतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईला यायचं, तिथे परवाना घ्यायचा, परतताना पुन्हा वसईला येऊन जकात भरायची. तांबडा समुद्र म्हणजे जिद्दा, आणि जिद्दा म्हणजे हज. पोर्तुगीज परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. ज्या पाण्यात शेकडो वर्षं कुणी कुणाला विचारत नव्हतं, तिथे हाजींना आपला काबा गाठण्यासाठी लिस्बनच्या राजाचा कागद जवळ ठेवावा लागू लागला. पुढे मुघल दरबारातही यावर कुरकुर झाली, कारण त्या कागदावर येशू आणि मरियमच्या प्रतिमा असत. पण घेतल्याशिवाय इलाज नव्हता. अकबराच्या घरातल्या स्त्रियाही हजला गेल्या त्या असेच परवाने काढून.

आता मोंबासाच्या किल्ल्याकडे येऊ, कारण तिथे जाणारा प्रत्येक पर्यटक आधी तोच बघतो. फोर्ट जीझस. बांधकाम १५९३ मध्ये सुरू झालं. आराखडा जोव्हान्नी बात्तिस्ता कैराती या मिलानच्या माणसाचा, जो पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या मुलखाचा मुख्य वास्तुविशारद होता. मलाक्कापासून मस्कतपर्यंत त्याचा हात फिरलेला, आणि वसई-दमणच्या तटबंदीशीही त्याचं नाव जोडलेलं आहे. तेव्हा माझ्या विद्यार्थ्याला दोन्ही किल्ले 'सेम टू सेम' वाटले ते उगीच नाही. कोपऱ्यांतून बाहेर आलेले बाणाच्या टोकासारखे बुरूज, तोफेचा गोळा झेलायला जाड आणि बुटक्या भिंती, ही त्या काळातली इटालियन पद्धत. वरून पाहिलं तर मोंबासाचा किल्ला उताण्या झोपलेल्या माणसासारखा दिसतो. फरक दगडात आहे. आपला काळा, डोंगरातला. त्यांचा प्रवाळाचा, समुद्रातून आलेला, आणि त्यावर पिवळट-केशरी गिलावा. आकारातही फरक आहे. फोर्ट जीझस हा नुसता लष्करी कोट आहे, तासाभरात फिरून होतो. वसईचा कोट म्हणजे अख्खं शहर होतं. साडेचार किलोमीटरचा तट, आत चर्च, मठ, न्यायालय, बाजार. दोन्ही नीट बघायचे तर वसईला पूर्ण दिवस द्यावा लागतो.

मोंबासाच्या किल्ल्यातली एक गोष्ट वसईकरांनी मुद्दाम बघावी. पहाऱ्यावरच्या कंटाळलेल्या पोर्तुगीज शिपायांनी भिंतींवर कोळशाने आणि गेरूने जहाजं, माणसं, मासे काढले आहेत. ते आता जपून ठेवले आहेत. आपल्याकडे भिंतींवर 'राहुल लव्ह्स पूजा' लिहिणाऱ्या पोरांवर मी दरवर्षी ओरडते. चारशे वर्षं थांबलं तर त्यांचंही म्युझियम होईल, असं एकदा एक मुलगी मला म्हणाली. उत्तर सुचलं नाही.

या किल्ल्याच्या दरवाजावर १६३५ सालचा एक पोर्तुगीज शिलालेख आहे, विजयाची बढाई मारणारा. तो विजय कुणावरचा, हे समजायला यूसुफ बिन हसनची गोष्ट माहीत हवी. मोंबासाच्या सुलतानाचा हा मुलगा. बापाचा खून झाल्यावर पोर्तुगीजांनी त्याला लहानपणीच गोव्याला नेलं, ख्रिस्ती केलं, दॉन जेरोनिमो नाव ठेवलं, त्यांच्या पद्धतीने वाढवलं, आणि १६२६ च्या सुमारास 'आपला माणूस' म्हणून मोंबासाच्या गादीवर परत पाठवलं. १६३१ च्या ऑगस्टमध्ये त्याने उठाव केला, किल्ला घेतला, पुन्हा यूसुफ झाला. पण त्या दिवसांत त्याने जे केलं ते झाकून ठेवता येणार नाही. किल्ल्यातले पोर्तुगीज मारले गेलेच, शिवाय इस्लाम न स्वीकारणारे स्थानिक ख्रिस्ती, बायका आणि मुलंसुद्धा मारली गेली. वर्षभरात त्याला मोंबासा सोडावं लागलं, उरलेलं आयुष्य समुद्रावर लुटारू म्हणून गेलं. आपले काही लोक त्याला मुजाहिद म्हणून मिरवतात, काही ख्रिस्ती लेखक निव्वळ राक्षस म्हणून. मला तो गोव्याच्या शाळेत वाढलेला एक बापावेगळा पोर वाटतो, ज्याला दोन्हीकडच्यांनी पूर्ण आपला मानला नाही. त्यामुळे त्याच्या हातून झालेलं रक्त पुसलं जात नाही, हेही तितकंच खरं.

एक शब्द सांगून पुढे जाते. पोर्तुगीजांचा चर्चसाठीचा शब्द 'इग्रेजा'. आपल्याकडे त्याची 'इगर्जी' झाली. वसईत, गोव्यात अजून ऐकू येतो, अर्थ तोच, प्रार्थनेची जागा. हाच शब्द स्वाहिलीत 'गेरेझा' झाला आणि तिथे त्याचा अर्थ आहे तुरुंग. इंग्रजांच्या काळात, १८९५ पासून १९५८ पर्यंत, फोर्ट जीझस खरोखरच तुरुंग होता.

आणि आता ते जहाज.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून पोर्तुगीजांच्या मागे ओमानचे अरब लागले. १६५० मध्ये त्यांनी मस्कत परत घेतलं, मग पोर्तुगीजांच्या प्रत्येक बंदरावर धाडी सुरू झाल्या. वसईही त्यातून सुटली नाही. १६७४ मध्ये मस्कतचे सहाशे अरब वसईच्या किनाऱ्यावर उतरले. तटाच्या आतली शिबंदी बाहेर यायला धजली नाही आणि तटाबाहेरची चर्च लुटली गेली. समुद्र आता पोर्तुगीजांच्या हातात राहिला नव्हता, आणि तो परत मिळवायचा तर नवी लढाऊ जहाजं हवी होती. जहाजांसाठी लाकूड हवं. लाकूड आपल्याकडे होतं.

वसईच्या मागे तुंगारेश्वरपासून पुढे जव्हार-मनोरकडे पसरलेली सागाची जंगलं त्या काळी फार दाट होती. ओंडके वैतरणेच्या आणि वसईच्या खाडीतून तरंगत खाली आणता येत. आगाशी जहाजबांधणीसाठी पोर्तुगीजांच्याही आधीपासून नावाजलेलं. युरोपातल्या ओक लाकडाची जहाजं या उबदार पाण्यात लवकर किडत, सागाची वर्षानुवर्षं टिकत. १६८१ मध्ये वसईत एक लढाऊ फ्रिगेट बांधून झालं. नाव ठेवलं 'सांतु आंतोनियु द तान्ना'. तान्ना म्हणजे आपलं ठाणं. ठाण्याच्या संत अंतोनीच्या नावाचं हे जहाज वसईच्या सागाचं, चाळीसहून अधिक तोफांचं होतं. किल्ल्यात फ्रान्सिस्कनांचं पडकं चर्च आहे, ज्याच्या जमिनीत कोरीव थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत, तेही संत अंतोनीचंच. मी कितीदा त्या शिळांवरून चालले, हा दुवा डोक्यात आला नव्हता.

१६९६ च्या मार्चमध्ये ओमानी फौजेने फोर्ट जीझसला वेढा घातला. आत पन्नास-सत्तर पोर्तुगीज सैनिक आणि आसऱ्याला आलेले दोनेक हजार स्थानिक लोक. वेढा चालला तेहतीस महिने. उपासमार, आणि त्याहून वाईट, रोगाची साथ. १६९७ च्या ऑगस्टअखेर आतले पोर्तुगीज जवळपास सगळे मेले. तेव्हा किल्ला कुणी सांभाळला? फाझा बेटाचे शेख दाऊद, त्यांच्या घरातले सतरा जण, आणखी आठ आफ्रिकी पुरुष आणि पन्नास आफ्रिकी स्त्रिया. बाहेर ओमानचे मुसलमान, आत पोर्तुगालचा झेंडा राखणारे स्वाहिली मुसलमान. दाऊदना पोर्तुगीजांचं प्रेम होतं असं समजण्याचं कारण नाही. फाझाचं शेजारच्या पाटे बेटाशी जुनं वैर, आणि पाटे ओमानच्या बाजूला. आपल्या घराचं रक्षण करायचं तर कुणाच्या तरी भिंतीआड उभं राहावं लागतं, इतका तो साधा हिशेब होता.

सप्टेंबरात गोव्याहून कुमक आली. तिच्यात होतं आपलं 'सांतु आंतोनियु'. किल्ल्याच्या खाली नांगर टाकून ते उभं राहिलं. माणसं, दारूगोळा, अन्न वर गेलं. पण ओमानी तोफांच्या माऱ्यात नांगराचे दोर तुटले, जहाज भरकटलं, खडकावर आपटून सुकाणू गेलं. कसंबसं ओढून परत किल्ल्याच्या पायथ्याशी आणलं, आणि ऑक्टोबरात तिथेच बुडालं. शेख दाऊदही पुढच्या वर्षी आजाराने गेले. १६९८ च्या डिसेंबरात ओमान्यांनी शिड्या लावून किल्ला घेतला तेव्हा आत लढू शकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच होती. आठवड्याभराने गोव्याहून आणखी एक कुमक पोचली. तिला दुरूनच तटावर ओमानचा लाल झेंडा दिसला आणि ती वळली.

१७२८ मध्ये पोर्तुगीजांनी मोंबासा पुन्हा मिळवलं, पण दोन वर्षंही टिकले नाहीत. या वेळी शहरातल्याच लोकांनी त्यांना घालवलं. त्यानंतर दहा वर्षांत वसई गेली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने तट सुरुंगांनी फोडला आणि पोर्तुगीजांनी शरणागतीच्या अटींवर सह्या केल्या. नुनोने पहिल्यांदा ही तटबंदी पाडली त्याला तेव्हा दोनशे सहा वर्षं झाली होती.

ते जहाज मात्र मोंबासाच्या पाण्यातच राहिलं. १९७० च्या दशकात केनियाच्या राष्ट्रीय संग्रहालयांनी आणि अमेरिकेच्या एका सागरी पुरातत्त्व संस्थेने मिळून तिथे उत्खनन केलं. पाणबुडे एकेक फळी मोजत, चित्र काढत खाली राहिले. तोफा, मातीचे रांजण, चिनी बशा, लाकडी वस्तू वर आल्या. जहाजाचा सांगाडा पुन्हा वाळूखाली झाकून ठेवला. तीनशे वर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही सागाच्या फळ्या ओळखू येत होत्या. वर आलेल्या वस्तू १९६० पासून किल्ल्यातच असलेल्या संग्रहालयात ठेवल्या. २०११ मध्ये फोर्ट जीझसला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथून पाच मिनिटांवर जुन्या शहरात १५७० च्या सुमाराची मंधरी मशीद आहे, कोरीव दरवाजांची घरं आहेत, उत्तरेला मालिंदीच्या वाटेवर गेदीच्या जंगलात ओसाड पडलेलं अख्खं स्वाहिली शहर आहे, मशिदी आणि राजवाड्यासकट. हे सगळं पर्यटकाला एका धाग्यात दाखवलं जातं. पोर्तुगीज, ओमानी, स्वाहिली, इंग्रज, कैदी. कुणी वगळलेलं नाही.

आमच्याकडे अशी एक खोली मी तरी किल्ल्यात पाहिलेली नाही. किल्ला बघायला गर्दी असते, नाही असं नाही. रविवारी लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी असतात, सिनेमावाले येतात, इंग्लंडच्या कोल्डप्ले बँडनेही आपल्या गाण्याचं चित्रीकरण इथे केलं. भुई दरवाजातून आत जा, दर्या दरवाजातून धक्क्यावर बाहेर पडा. आता भाईंदरला जाणारी रो-रो बोटही तिथूनच सुटते, तर थेट पाण्यावरून किल्ला बघता येतो आणि तो तसाच बघावा, कारण तो पाण्यावरून येणाऱ्यासाठी बांधलेला आहे. जवळच सोपाऱ्याचा स्तूप आहे, अशोकाचा आठवा शिलालेख सापडलेलं गाव आहे, अर्नाळ्याचा जलदुर्ग आहे. बघायला पुष्कळ आहे. सांगणारं कमी आहे. आणि जे सांगतात त्यातले बरेच जण आपल्या वाट्याचं तेवढंच सांगतात. ख्रिस्ती मार्गदर्शक चर्च दाखवतो, इतिहासप्रेमी पोरं चिमाजी अप्पांच्या वेढ्याचे मोर्चे दाखवतात. दोन्ही मनापासून. मलिक तुघानचं नाव मी एकदाही ऐकलं नाही.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वीच्या सहलीत आठवीच्या एका मुलाने पुतळ्यासमोर उभं राहून विचारलं होतं, "टीचर, इसमें अपना क्या है?" बाकीची पोरं हसली, पण ऐकत होती. मी त्याला गुजरातच्या सुलतानाचं सांगितलं. तो खूश झाला, 'मतलब पहले अपना था.' त्याच्या चेहऱ्यावरचा तो आनंद पाहून मला बरं वाटलं आणि नंतर अस्वस्थही. कारण मी त्याला मोजमापाची तीच फूटपट्टी दिली होती, जी बाकीच्यांच्या हातात आहे. बहादूरशाहने हा मुलूख देताना इथल्या माणसांना विचारलं नव्हतं. मग अपना कोण? तो सुलतान, की कार्ताझसाठी याच धक्क्यावर रांगेत उभे राहिलेले हाजी? ओमानचा इमाम, की शेख दाऊद? आणि वसईत ते फ्रिगेट बांधणारे सुतार, खलाशी, ओंडके ओढणारे आदिवासी, ते कुणाचे? त्यांनी बांधलेलं जहाज पोर्तुगीजांसाठी लढलं आणि एका मुसलमान फौजेच्या तोफांनी बुडालं, त्या किल्ल्याखाली जो काही दिवस आधी मुसलमानांनीच राखला होता. हा हिशेब मला आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडता येईना.

या वर्षी सहल मी उलट्या बाजूने नेली. किल्ल्यात न जाता आधी पाचूबंदर. सकाळची वेळ, ओहोटी. बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, मुलींनी नाकाला ओढण्या लावलेल्या. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका होडीचं काम चाललं होतं. फळ्यांच्या फटींत कापूस ठासत एक म्हातारे कोळी मिस्त्री बसले होते. आता बहुतेक होड्या फायबरच्या, अशी जुनी लाकडी क्वचितच दुरुस्तीला येते, असं ते म्हणाले. मुलांनी त्यांना घेराव घातला. त्या पहिल्या मुलाने, जो आता दहावीत आहे आणि मुद्दाम माझ्याबरोबर आला होता, त्यांना मोंबासाच्या जहाजाची गोष्ट सांगितली. अर्धी मराठीत, अर्धी उर्दूत. तीनशे वर्षं पाण्यात राहूनही फळ्या शाबूत आहेत म्हणाला.

काकांनी हात थांबवला नाही. "साग असणार."

"हां काका, सागच. वसईचा."

"मग बुडला कशाने?"

"सुकाणू टूट गया था."

काकांनी मान हलवली, कापसाचा पुढचा पीळ हातात घेतला आणि त्या मुलाला म्हणाले, हे टोक जरा घट्ट धर.